न घेतलेला चहा

पूर्णिमाने दुपारनंतरचा चहा सोडला आणि त्याच महिन्यात तिच्या नणंदेच्या मुलाचं जमत आलेलं लग्न मोडलं. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध आहे असं आधी कुणी म्हणालं असतं, तर पूर्णिमाने पुरावा मागितला असता. ती अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवायची आणि पुरावा मागायची तिला सवय होती. पुढे तो न मागता मिळाला.

चहा सोडायचं कारण झोप. रात्री अंथरुणावर पडलं की तिला सगळं काही आठवायचं, फक्त झोपायचं कसं ते आठवायचं नाही. दिवसा मात्र पेंग यायची. एकदा प्रात्यक्षिकाच्या तासाला ब्युरेट भरता भरता तिचा डोळा लागला आणि आम्ल टेबलावरून ओघळत हजेरीपटापर्यंत गेलं. मुलांनी हे प्रात्यक्षिकच आहे असं समजून लिहून घेतलं. त्या दिवशी तिने ठरवलं की आता या प्रश्नाकडे नीट बघायचं.

तिचा नवरा उदयसिंह जिल्हा परिषदेत बांधकाम विभागात होता आणि उशीला डोकं लागायच्या आत झोपायचा. त्याला यात प्रश्न काय आहे हेच कळत नव्हतं. "डोळे मिटायचे आणि झोपायचं, एवढंच तर असतं," तो म्हणायचा. पोहता येणारा माणूस बुडणाऱ्याला काठावरून सांगतो तसा हा सल्ला होता. तरी त्याने आपल्या परीने मदत केली. झोपायच्या आधी गरम दूध प्यावं असं कुणीतरी सांगितल्यावर तो तिला स्कूटरवर बसवून थेट गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर घेऊन गेला. तिथे समोर म्हैस पिळून धारोष्ण दुधाचा फेसाळ पेला हातात देतात. दूध उत्तम होतं. पण कट्ट्यावर उदयसिंहला शाळेतले दोन मित्र भेटले, मग फुटबॉलचा विषय निघाला, मग कुठल्या पेठेने कुठल्या पेठेला कुठल्या वर्षी हरवलं ते निघालं, आणि घरी येईपर्यंत झोपेची वेळ कधीच टळून गेली होती. दुधाचा उपाय तिथेच बंद झाला.

शेजारच्या बाळाबाईंनी काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळायला सांगितलं. पूर्णिमाने चोळलं, आणि पाणी प्यायला उठल्यावर ती फरशीवरून स्वयंपाकघरापर्यंत घसरत गेली. कॉलेजातल्या अनुजाने दुधात जायफळ उगाळून घ्यायला सांगितलं. किती, हे मात्र ती सांगेना. "चिमूटभर गं," ती म्हणाली. चिमूट हे एकक पूर्णिमाला मान्य नव्हतं, त्यामुळे तो उपाय सुरूच झाला नाही.

शेवटी तिने तज्ज्ञांनी लिहिलेलं शोधून काढून शांतपणे वाचलं. त्यात चमत्कारिक असं काही नव्हतं. रोज ठरल्या वेळी आडवं व्हावं आणि ठरल्या वेळी उठावं, संध्याकाळचं जेवण लवकर आणि हलकं असावं, खोलीत अंधार असावा, मोबाईल उशाशी नसावा, आणि दुपारनंतर चहा घेऊ नये. झोप नाहीच आली तर तळमळत पडू नये, उठून काहीतरी कंटाळवाणं वाचावं. हे सगळं तिला पटलं. साधं होतं, फुकट होतं आणि एकटीला करता येण्यासारखं होतं. निदान तिला तसं वाटलं.

त्याच सुमाराला संयोगिता वन्संच्या उन्मेषसाठी कुरुंदवाडचं स्थळ आलं. वन्सं, म्हणजे उदयसिंहची थोरली बहीण, राहायला कळंब्याला. उन्मेष शिरोलीच्या एका फाउंड्रीत इंजिनिअर होता. मुलीचं नाव वल्लरी. शेतकी विषयातली पदवीधर, जयसिंगपूरला माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरीला. घर शेतीवाडीचं, भावकी मोठी. मध्यस्थ होते कुरुंदवाडचेच तात्या, दोन्हीकडच्यांना लांबून नात्यात लागणारे.

रविवारी दुपारी सगळे मुलगी बघायला गेले. मुलीचे वडील आण्णा फेटा बांधून ओसरीत उभे होते. "या पावणं, या. ऊन लई हाय," म्हणत त्यांनी पाणी दिलं. पोहे झाले. मग वल्लरी चहाचा ट्रे घेऊन आली. वन्संनी कप घेतला, उदयसिंहने घेतला, उन्मेषने घेतला आणि बशीत सांडला. मग ट्रे पूर्णिमापुढे आला.

"मामी, चहा."

"मी नाही घेत," पूर्णिमा हसून म्हणाली.

खोलीत एकदम शांतता झाली. तिला वाटलं, उकाड्यामुळे असेल.

"घोटभर घ्या की," वल्लरीची आई शालूबाई म्हणाल्या. "साखर चालत न्हाय का? बिनसाखरंचा करायला सांगू?"

"साखरेचा प्रश्न नाही. बारानंतर मी चहा घेतच नाही. चहात कॅफिन असतं ना, त्यातलं निम्मं पाच-सहा तासांनीसुद्धा रक्तात राहतं. म्हणजे आत्ता घेतलेल्या कपातला अर्धा कप रात्री माझ्या अंगात शिल्लक असणार."

आण्णांनी आपल्या हातातल्या कपाकडे एकदा पाहिलं आणि तो हळूच खाली ठेवला.

यानंतर गप्पा झाल्या. वल्लरी आपल्या कामाबद्दल सांगत होती. नदीकाठच्या जमिनी पाणी जास्त देऊन देऊन कशा खारवट होतात, मातीचा सामू, म्हणजे पीएच, कसा मोजतात, शेतकरी नमुना आणायचा म्हणून घराजवळचीच माती कशी उचलून आणतात. आलेल्या मंडळींत हे समजणारी आणि आवडीने ऐकणारी एकटी पूर्णिमाच होती. पोरगी हुशार आहे, हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं. आणि नेमकं तेव्हाच तिला जांभई आली. आदल्या रात्रीची. ती तिने तोंडावर हात ठेवून दाबली, त्यामुळे ती जास्तच लांबली आणि डोळ्यांत पाणी आलं.

निघताना शालूबाई म्हणाल्या, "जेवूनच जावा. भाकरी टाकायला घेतल्यात."

"नको," पूर्णिमा म्हणाली. "मला सातच्या आत हलकं काहीतरी खाऊन वेळेवर पडायचं असतं."

परतीच्या वाटेवर सगळे खुशीत होते. मुलगी सगळ्यांना पसंत होती. पूर्णिमा सातच्या आत जेवली आणि नेमाने अंधाऱ्या खोलीत जाऊन जागी राहिली.

दुसऱ्या दिवशी तात्यांचा फोन आला. उदयसिंहने तो स्पीकरवर टाकला.

"पावणं, पोरगी पसंत न्हवती तर सरळ सांगायचं हुतं. भरला कप तसाच ठेवून उठायचं, ही काय रीत झाली व्हय?"

"अहो तात्या, पसंत आहे की!"

"मग मामीनं चहा का न्हाय घेतला?"

"तिला झोप येत नाही."

"चहा न घेता?"

"नाही, चहा घेतला तर येत नाही."

"आणि न घेता येती?"

उदयसिंहने पूर्णिमाकडे पाहिलं. पूर्णिमाने खरं तेच सांगितलं, मान हलवून.

"न घेता पण येत नाही," उदयसिंह म्हणाला.

"मग घ्यायचा की," तात्या म्हणाले, आणि फोन ठेवला. या युक्तिवादात चूक कुठे आहे, ते पूर्णिमाला बराच वेळ शोधूनही सापडलं नाही.

मुलगी बघायला आलेल्यांतल्या जाणत्या बाईने मुलीच्या हातचा चहा न घेणं म्हणजे नकार, हे तिला माहीत नव्हतं असं नाही. पण आपला चहा हा आपल्या झोपेचा विषय आहे, असं ती धरून चालली होती. कुरुंदवाडला तो वल्लरीचा विषय झाला होता. त्यात जांभई. त्यात जेवायला नाही म्हणणं. तीन वेगवेगळी निरीक्षणं, आणि तिन्ही एकाच निष्कर्षाकडे जाणारी. विद्यार्थ्यांना ती स्वतः असंच शिकवत आली होती.

वन्सं त्याच संध्याकाळी उन्मेषला घेऊन रिक्षाने आल्या.

"माझ्या पोराच्या लग्नापेक्षा तुझी झोप मोठी झाली?"

"वन्सं, मला वाटलंच नाही की..."

"एक कप! एक कप तोंडाला लावला असतास, नुसता लावला असतास, तर काय झालं असतं?"

"मामीला बोलू नकोस आई," उन्मेष म्हणाला. मग तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. बाळाबाईंनी आणलेला त्याचा आवडता कटवडा त्याने अर्धा टाकला. भाचा कटवडा टाकतोय हे बघून पूर्णिमाला प्रकरणाचं गांभीर्य पुरतं कळलं. जे वन्संच्या बोलण्याने झालं नव्हतं ते त्या अर्ध्या कटवड्याने झालं.

उदयसिंहने तात्यांना पुन्हा फोन करून खरं कारण सविस्तर सांगितलं. ही पुढची चूक. कारण आता कुरुंदवाडला नकाराची शंका मिटली आणि आजाराची सुरू झाली. आधी मामीला झोपेचा आजार आहे असं झालं. मग भावकीतून फिरून येईपर्यंत त्या घरात रात्रीचं कुणी झोपतच नाही असं झालं. आण्णांनी तात्यांकरवी विचारलं, "पोरगा तरी झोपतो न्हवं?"

"अहो, मी त्याची मामी आहे," पूर्णिमाने तात्यांना समजावलं. "मामाची बायको. माझ्याकडून त्याला अनुवंशाने काहीही जाऊ शकत नाही."

"ते खरं हाय. पण घराण्यात हाय म्हणत्यात."

"मी त्या घराण्यात लग्न करून आले!"

"तेच म्हणतोय मी," तात्या म्हणाले. "ती पण लग्न करूनच येणार की."

तात्यांनीच मग तोडगा काढला. डॉक्टरचा दाखला आणा. मामी ठणठणीत आहे, असं कागदावर आलं की आण्णांची समजूत पटेल. पूर्णिमा रजा टाकून दवाखान्यात गेली. खिडकीतल्या माणसाने दाखला कशासाठी ते विचारलं. नोकरी, परदेश की वाहनाचा परवाना? "भाच्याच्या लग्नासाठी," ती म्हणाली. त्याने वर पाहिलं. "मग भाच्याला आणा." तिने मामीचाच हवा आहे असं सांगितल्यावर त्याने आतल्या बाईंना बोलावलं, त्यांनी आणखी एकीला, आणि रांगेतल्या लोकांना सगळी गोष्ट कळली. एका आजोबांनी तिला अश्वगंधा घ्यायला सांगितलं. त्यांच्या मागच्या बाईंनी अश्वगंधा अजिबात घेऊ नका म्हणून सांगितलं. दोघांची तिथेच जुंपली आणि तेवढ्यात पूर्णिमाचा नंबर निघून गेला. तो पुन्हा लागेपर्यंत जेवायची सुट्टी झाली.

डॉक्टर तरुण होते आणि प्रामाणिक होते. अडचण तीच झाली.

"निद्रानाश नाही असा दाखला मी कसा देऊ? तो आहे ना तुम्हाला."

"मग आहे असा द्या, पण तो साधा आहे असं लिहा."

"तो दाखवला तर लग्न होईल का?"

पूर्णिमाने विचार केला. "नाही."

"दुपारनंतर चहा घेत नाही, हे फार चांगलं करता," डॉक्टर म्हणाले. "चालू ठेवा."

घरी आल्यावर तिने उदयसिंहला सांगितलं की आता कागद नको. आपण जाऊ आणि मी चहा पिऊन येते. वन्सं मात्र येणार नव्हत्या. "पोराचा अपमान झाला तिथं मी पाय ठेवणार नाही," त्या म्हणाल्या. अपमान नेमका कुणी कुणाचा केला होता, याची फोड करायची ही वेळ नव्हती. उन्मेषलाही आईने घरीच बसवलं.

पूर्णिमाने एक शेवटचा प्रयत्न केला. आपण सकाळी दहाला येतो, असं तिने तात्यांना कळवलं. सकाळचा चहा ती घेतच असे, त्यामुळे लग्न आणि झोप दोन्ही वाचली असती.

"सकाळचा चहा कुणी धरत न्हाय," तात्या म्हणाले. "नकार चार वाजता दिलाय, होकार बी चारलाच द्यायचा."

त्याप्रमाणे दोघं चारला पोहोचले. ओसरीवर या वेळी आण्णांच्या मागे भावकीतले बरेच लोक बसले होते. प्रयोग बघायला मुलं जमतात तसे. कुणी फारसं बोलत नव्हतं. आण्णा फक्त "या" म्हणाले, उन्हाबद्दल काही बोलले नाहीत.

वल्लरी ट्रे घेऊन आली. त्यावर एकच कप होता. ती पूर्णिमासमोर थांबली, पण ट्रे पुढे केला नाही.

"मामी, आधी एक विचारू?"

"वल्लू," शालूबाई म्हणाल्या.

"विचारू दे की आई. मामी, मी बोलत होते तेव्हा तुम्ही जांभई दिलीत. मी इतकी कंटाळवाणी बोलते का?"

पूर्णिमाची या प्रश्नाची तयारी नव्हती. ती चहाची तयारी करून आली होती. "नाही," ती म्हणाली. "खारवट जमिनीत पोटॅशचं काय होतं, ते मला विचारायचं होतं तुला. जांभई आली म्हणून राहिलं. घरी गेल्यावर मी तेच आठवत पडले होते. म्हणजे त्या रात्री माझी झोप तुझ्यामुळे गेली, चहामुळे नाही."

वल्लरी हसली. "मी पण नाही झोपले त्या दिवसापासून. मला वाटलं, एवढं शिकून मी काय बोलले असेन की पाहुण्यांना पेंग आली."

"आणि मी काय झोपलोय व्हय?" आण्णा एकदम बोलले. "ही पोरगी रात्रभर येरझाऱ्या घालती. हिची आई रडती. आणि मी छताकडं बघत पडतोय." मग त्यांनी पूर्णिमाकडे बोट केलं. "तुमच्या त्या अर्ध्या कपाचं ऐकल्यापासनं संध्याकाळचा चहा घशाखाली उतरंना झालाय माझ्या."

म्हणजे स्वतःला झोप यावी म्हणून पूर्णिमाने केलेल्या एका साध्या उपायाने दोन गावांतली दोन घरं जागी ठेवली होती. हे तिने मनात नोंदवलं आणि हात पुढे केला.

"दे तो कप."

सगळे बघत होते. चहा म्हशीच्या दुधाचा होता, आलं ठेचून घातलेला, गवती चहाचा वास येणारा. तिने पहिला घोट घेतला. इतक्या दिवसांनी दुपारचा चहा. तिला नियम, कॅफिन आणि अर्धा कप या सगळ्यांचा क्षणभर पूर्ण विसर पडला. तिने कप रिकामा करून खाली ठेवला आणि कुणी न विचारता म्हणाली, "अजून आहे का?"

"हाय की!" शालूबाई ओरडल्या आणि आत पळाल्या. ओसरीवर एकदम सगळे बोलायला लागले.

पण भावकी मोठी होती हे मागेच सांगितलं आहे. चहा नाकारल्याची बातमी ज्या ज्या घरी गेली होती, त्या त्या घरी आता चहा प्यायला जाणं भाग होतं. तात्या पुढे आणि पूर्णिमा मागे, अशी ती गल्लीतून फिरली. थोरल्या चुलत्यांकडे, धाकट्या चुलत्यांकडे, मळ्यातल्या पिराजीकाकांकडे. काही ठिकाणी कप, काही ठिकाणी पेला. पिराजीकाकांनी तर "आमच्याकडं चहा गुळाचा असतोय, त्यानं काय हुत न्हाय" असं सांगून तांब्यानेच ओतला. पूर्णिमाने चौथ्या घरापासून मोजणं सोडून दिलं. मोजणं सोडणं ही तिच्या आयुष्यातली फार क्वचित घडणारी गोष्ट होती. परत ओसरीवर आले तेव्हा आण्णांनी सुपारी काढून ठेवली होती. ती फुटली, साखर वाटली गेली, आणि उजेड असतानाच दोघं निघाले.

गाडीत बसल्यावर ती म्हणाली, "आज रात्री मी डोळा मिटत नाही." शिरोळ मागे पडलं तेव्हा ती पाय वर घेऊन बसली. जयसिंगपूरच्या अलीकडे उदयसिंहने काहीतरी विचारलं आणि उत्तर आलं नाही. त्याने गाडी बाजूला घेऊन पाहिलं. ती गाढ झोपली होती. त्याने तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, तरी ती उठली नाही. एका निरीक्षणावरून नियम मांडता येत नाही, असं तिने नंतर स्वतःच सांगितलं. पण त्या संध्याकाळी ती काहीच सांगण्याच्या अवस्थेत नव्हती.

पुढचं तिला मागाहून कळलं. वाटेत वन्संचा फोन आला. आवाजाने बायको उठेल म्हणून उदयसिंहने तो कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला, आणि लिहून पाठवलं, "नंतर बोलतो." हे दोन शब्द वाचून कळंब्याला वन्सं मटकन खाली बसल्या. चांगली बातमी कुणी नंतर सांगत नाही.

दारात गाडी उभी केल्यावर त्याने काचा खाली केल्या आणि तिला तसंच झोपू दिलं. बाळाबाई वाटच बघत होत्या. त्या लगबगीने आल्या. "काय ठरलं हो? जमलं का?" उदयसिंहने घाईघाईने ओठांवर बोट ठेवलं आणि जोरजोरात हात हलवून त्यांना मागे सारलं. बाळाबाईंनी खिडकीतून आत पाहिलं. पूर्णिमा सीटवर आडवी होती, तोंड उघडं, एक हात खाली लोंबत. "अरे देवा," त्या म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावून फोन करायला गेल्या.

वन्सं आणि उन्मेष रिक्षाने आले तेव्हा शेजारचे लोक गाडीभोवती उभे होते आणि कांदा हुंगवायचा की पाणी मारायचं यावर चर्चा चालू होती. उदयसिंह सगळ्यांना हळू आवाजात गप्प राहायला सांगत होता, त्यामुळे कुणाचाच आणखी काही विचारायचा धीर होत नव्हता. वन्संनी गाडीचं दार धाडकन उघडलं.

"पूर्णिमा! अगं पूर्णिमा! काय झालं गं तिथं? लग्न गेलं तर जाऊ दे, तू डोळे उघड!"

पूर्णिमाने डोळे उघडले. आपण कुठे आहोत, हे तिला चटकन कळलं नाही. इतकी स्वच्छ, मऊ झोप तिला कित्येक दिवसांत लागली नव्हती.

"सुपारी फुटली, वन्सं," ती म्हणाली. "मी झोपले होते."

वन्संना मागे कुणाचंतरी हसणं ऐकू आलं आणि त्या वळल्या. उन्मेष इस्त्रीचा शर्ट घालून उभा होता. त्याच्या हातात पेढ्यांचा पुडा होता.

"हा पुडा कधी घेतलास तू?"

"दुपारी," उन्मेष म्हणाला, आणि पुडा घाईने पाठीमागे नेला.

"दुपारी? लग्न जमणार हे तुला दुपारीच कसं कळलं? मी इथं देव पाण्यात घालून बसले होते, आणि तुला माहीत होतं? कुणी सांगितलं? त्या मुलीचा नंबर तुझ्याकडं कुठून आला?"

उन्मेष मामाकडे बघू लागला, मामा बाळाबाईंकडे आणि बाळाबाई मोठ्या उत्सुकतेने उन्मेषकडे. हे प्रकरण आता बराच वेळ चालणार, हे पूर्णिमाच्या लक्षात आलं. तिने हात लांब करून गाडीचं दार आतून ओढून घेतलं, पर्स डोक्याखाली सारली आणि कुशीवर वळली.